म्हाताऱ्या माणसांना घरी पाठविणाऱ्या डॉक्टर मार्जोरी वॉरेन

आपल्या स्मरणिकेत दर खेपेस एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असते. सावित्रीबाई फुले, रमाबाई रानडे, आनंदीबाई जोशी यांच्यावर आपल्याच भगिनींनी पूर्वी लिहिले आहे व ते सर्वांना आवडलेही आहे. या वर्षी ते काम माझ्याकडे आले, आणि मी ज्या बाईंचे नाव सुचविले ते सभेत कोणालाच ठाऊक नव्हते. विलायतेत मात्र वृद्धांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरमंडळींत हे नाव मोठ्या आदराने घेतात. या शास्त्राची आई असेच त्यांना तिकडे म्हणतात. माझी भाची फिजिओथेरपीचे शिक्षण घेत आहे. तिच्या अभ्यासात हे नाव आले, तिने मला ते सांगितले, आणि मग मीच तिच्या पाठीस लागून आणखी माहिती काढविली. वैद्यकातले जड शब्द आम्ही दोघींनी मिळून गाळून टाकले आहेत.

हेच चरित्र का घेतले ते आधी सांगते. आपल्या आळीत असे घर क्वचितच सापडेल की जेथून गेल्या चार-पाच वर्षांत कोणी वडीलधारे माणूस इस्पितळात गेले नाही. कोणाचे खुब्याचे हाड मोडले, कोणास अर्धांगाचा झटका आला, कोणाच्या छातीत कफ साठला. इस्पितळात नेताना सारी आळी धावून येते. पण ते माणूस परत घरी येते त्या दिवशी घरात एकटी बाई असते, आणि खरे काम त्या दिवसापासून सुरू होते. म्हातारे माणूस इस्पितळातून घरी कसे यावे, कोणत्या स्थितीत यावे, याचा विचार ज्यांनी जन्मभर केला त्या या बाई.

मार्जोरी वॉरेन यांचा जन्म १८९७ साली लंडन शहरात झाला. वडील बॅरिस्टर होते. पाच मुलींत ही थोरली. पाच मुली म्हटल्यावर आपल्याकडे आजही सुस्कारे टाकणारी माणसे निघतील! या वडिलांनी मात्र मुलीस चांगल्या शाळेत घातले आणि पुढे डॉक्टरीही शिकू दिली. मुलींसाठी लंडनमध्ये वैद्यकाची एक निराळी शाळा १८७४ सालीच निघालेली होती, आणि रॉयल फ्री नावाच्या इस्पितळात तेथील विद्यार्थिनींना प्रत्यक्ष रोग्यांजवळ शिकता येई. आपल्या रखमाबाई, ज्यांच्या बालपणीच्या लग्नाचा खटला मुंबईत गाजला, त्या १८८९ साली विलायतेस जाऊन याच शाळेत डॉक्टर झाल्या. तेव्हा ज्या उंबऱ्यावरून आपली एक मराठी मुलगी आत गेली होती त्याच उंबऱ्यावरून पुढे एका पिढीने मार्जोरीबाई गेल्या असे म्हणावयास हरकत नाही. १९२३ साली त्या डॉक्टर झाल्या.

१९२६ साली लंडनच्या पश्चिमेस टेम्स नदीकाठी आयलवर्थ म्हणून गाव आहे तेथील इस्पितळात त्यांना नोकरी लागली. हेच पुढे वेस्ट मिडलसेक्स इस्पितळ झाले. आरंभी त्यांचा ओढा शस्त्रक्रियेकडे होता. हात चांगला होता, कामाचा उरक होता, आणि पाच वर्षांत त्या तेथील उपअधीक्षक झाल्या. याच वाटेने गेल्या असत्या तर नामांकित सर्जन म्हणून त्यांनी नाव मिळविले असते. पण १९३५ साल आले आणि त्यांच्या पदरी एक असे काम पडले की जे आपण होऊन कोणी मागून घेतले नसते.

हे काम काय होते ते कळण्यासाठी तिकडची जुनी रीत थोडी सांगितली पाहिजे. इंग्लंडात १८३४ सालच्या कायद्याने गरिबांसाठी वर्कहाऊस नावाची मोठमोठी घरे बांधली गेली होती. ज्याला पोटाला नाही, आसरा नाही, त्याने तेथे जावे, दिले ते अन्न खावे, सांगितले ते काम करावे. तेथे जाणे ही मोठी नामुष्की समजत. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, अशी ताटातूट होई. या घरांना जोडून आजाऱ्यांसाठी दालने असत. पुढे पुढे त्यांत म्हातारी माणसेच जास्त भरू लागली. गरीब होती, आजारी होती आणि घरी करणारे कोणी नव्हते, म्हणून ती तेथे आली. एकदा आली ती तेथेच राहिली. १९३० साली ही व्यवस्था प्रांतोप्रांतीच्या कौन्सिलांकडे गेली. आयलवर्थच्या इस्पितळाशेजारी असेच एक जुने घर होते. ते १९३५ मध्ये इस्पितळात सामील केले गेले, आणि तेथील ७१४ खाटांचा कारभार वॉरेनबाईंवर सोपविला गेला.

सातशे चौदा! आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात खाटा किती, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी नुसती कल्पना करावी.

बाई आत गेल्या तेव्हा त्यांना काय दिसले? लांबच लांब अंधारी दालने, भिंतींना मळकट रंग, खाटांना लहान मुलांच्या पाळण्यासारखे कठडे, आणि त्या कठड्यांच्या आत वर्षानुवर्षे पडून राहिलेली माणसे. तापाची, वाताची, अर्धांगाची, बुद्धी भ्रमिष्ट झालेली, सर्व एकत्र. त्यांतच कोठे लहान वयाची बाळंतीण असे तर कोठे वेडसर म्हणून आणून टाकलेले कोणी. कोणाला नेमका कोणता रोग आहे याची धड नोंदसुद्धा पुष्कळांच्या बाबतीत नव्हती. म्हातारपण झाले आहे एवढेच कारण. परिचारिका थोड्या. त्या बिचाऱ्या पुसणे, भरविणे, चादरी बदलणे यांतच दमून जात. उठवून बसविण्यास वेळ नाही आणि उठवून करायचे काय, असा सर्वांचा समज.

बाईंनी एकेका रोग्याची नीट तपासणी केली. ऐकायला ही गोष्ट साधी वाटते, पण त्या काळी हेच कोणी केले नव्हते. तपासताना त्यांच्या ध्यानात आले की यांतील कितीतरी माणसे मूळच्या रोगाने पडून नाहीत, खाटेने पडून आहेत. ही गोष्ट आपण बायकांनी नीट समजून घेण्यासारखी आहे म्हणून जरा विस्ताराने सांगते.

म्हातारे माणूस आजारी पडले की त्याला निजू द्यावे, विश्रांती द्यावी, असे आपल्याला वाटते आणि मायेपोटीच वाटते. पण वयस्कर माणूस अंथरुणास खिळले की थोड्याच दिवसांत पायांतली ताकद जाते. तरुण माणसाची भरून येते, त्यांची लवकर येत नाही. गुडघे आखडतात, मग सरळ होत नाहीत. पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखमा होतात. निजून राहिल्याने छातीत कफ साठतो. संडासला जाण्याची सवय मोडते, मग कपड्यांत होऊ लागते, मग ते माणूस लाजेने पाणी पिणे कमी करते, आणि पाणी कमी झाले की डोके चालेनासे होऊन ते बडबडू लागते. घरची माणसे म्हणतात म्हातारपणाने डोके फिरले. या साऱ्यापेक्षा वाईट म्हणजे मनातून उमेद जाते. आपण आता कोणाच्या उपयोगाचे नाही असे ठरवून ते भिंतीकडे तोंड करून निजते. वॉरेनबाईंनी हे सर्व शेकडो खाटांवर पाहिले व त्यांची खात्री झाली की हे टाळता येण्यासारखे आहे.

मग त्यांनी रोग्यांचे गट पाडले. जे हिंडूफिरू शकतात ते निराळे. जे पडून आहेत पण ज्यांना शौचाचे भान आहे ते निराळे. ज्यांना तेही भान नाही ते निराळे. जे थोडे गोंधळलेले आहेत पण कोणास त्रास देत नाहीत ते निराळे. आणि ज्यांची बुद्धी पार भ्रमिष्ट झाली आहे त्यांची व्यवस्था निराळी. ज्याला जे हवे ते त्याला मिळावे, हाच यातला हेतू. दालनांना उजळ रंग दिला, दिवे वाढविले. भिंतीला धरून चालण्यासाठी कठडे बसविले. उठून बसण्यास सोप्या अशा खुर्च्या आणल्या. म्हातारे माणूस दिवसा खाटेवर न राहता खुर्चीवर बसले पाहिजे, शक्य तर कपडे घालून बसले पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष असे.

अर्धांग झालेल्यांवर त्यांनी फार मेहनत घेतली. तोवर असा माणूस म्हणजे संपला, अशी समजूत होती. बाईंचे म्हणणे असे की लुळ्या हातापायांना पहिल्या दिवसांपासून नीट ठेवले, हलविले, व्यायाम दिला, तर पुष्कळ जण पुन्हा आपल्या पायावर उभे राहतात आणि स्वतःचे स्वतः करू लागतात. पाय कापावा लागलेल्यांनाही त्यांनी चालावयास शिकविले. यासाठी एकटा डॉक्टर पुरा पडत नाही हेही त्यांनी ओळखले होते. डॉक्टर, परिचारिका, व्यायाम देणारी बाई, हाताला काम शिकविणारी बाई, आणि रोग्याच्या घरची परिस्थिती पाहणारी बाई, या सर्वांनी एका माणसाविषयी एकत्र बसून विचार करावयाचा. घरी कोण आहे, जिने किती आहेत, चूल कोण पेटविते, हे कळल्यावाचून त्या माणसाला कशापर्यंत बरे करावयाचे हे कसे ठरणार?

याचे फळ असे आले की ज्यांना कोणी परत जाताना पाहिले नव्हते अशी माणसे आपापल्या घरी जाऊ लागली. ज्यांना घर नव्हते ती वृद्धांच्या निवासात गेली. सातशे चौदांवरून खाटांची संख्या हळूहळू दोनशे चाळिसावर आली, आणि उरलेली जागा क्षयाच्या रोग्यांसाठी देता आली. मात्र ज्यांना घरी पाठविणे शक्यच नाही अशीही माणसे असतात हे बाई कधी विसरल्या नाहीत. त्यांचीही देखभाल तितक्याच नीटपणे झाली पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. खाटा रिकाम्या झाल्या हा आकडा मोठा आहे खरा, पण मला त्यात मोठे वाटते ते हे की माणूस चालते होऊन गेले. आजकालही खाटा रिकाम्या करतात. दुसरा रोगी दाराशी उभा असतो म्हणून आधीच्याला घरी धाडतात. दोन्हींचा आकडा सारखाच दिसेल, पण या दोन गोष्टी एक नव्हेत.

येथे आमच्या घरचे थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई मोरीत घसरल्या व खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण एके दिवशी सकाळी अकराला आम्हांस सांगितले की चारच्या आत घरी न्या. हातात इंग्रजीत लिहिलेला कागद, गोळ्यांची पिशवी आणि बिल. त्यांनी किती वजन पायावर द्यावयाचे, कुशीवर कसे वळवायचे, संडासला कसे न्यायचे, यातले कोणी काही बोलले नाही. आमचा संडास उकिडवे बसण्याचा. अंथरूण जमिनीवर. खुब्याचे हाड बसविलेल्या बाईने जमिनीवरून उठावे तरी कसे! त्या दिवशी जाऊबाई गावाहून आल्या नसत्या तर मी काय केले असते देव जाणे. शेजारच्या काकूंनी त्यांच्या घरची उंच खाट उचलून आणून दिली. मिस्त्रीला बोलावून मोरीत लोखंडी दांडी ठोकून घेतली, खालची गुळगुळीत फरशी घासून खरखरीत करून घेतली. खुर्चीला मधोमध भोक पाडून तिची संडासची खुर्ची केली. सासूबाई चार महिन्यांनी वॉकर घेऊन तुळशीपर्यंत जाऊ लागल्या. हे सारे आम्ही चाचपडत केले. भाचीने वॉरेनबाईंची हकिगत सांगितली तेव्हा मला राहून राहून वाटले की जे आम्ही चार वाजल्यानंतर शोधीत बसलो त्याचा विचार या बाईंच्या दालनात रोगी आल्यापासून होत असे.

पुन्हा चरित्राकडे वळते. दुसरे महायुद्ध चालू असताना १९४३ च्या डिसेंबरात बाईंनी ब्रिटनच्या प्रसिद्ध वैद्यक पत्रात एक लेख लिहिला, आणि १९४६ साली दुसऱ्या तशाच नामांकित पत्रात आणखी एक. त्यांचे मागणे थोडक्यात असे होते. म्हाताऱ्या रोग्यांना कोठेतरी गावाबाहेर निराळे काढू नये. सर्वसाधारण मोठ्या इस्पितळातच त्यांच्यासाठी विभाग असावा, म्हणजे तपासणीची सारी साधने त्यांनाही मिळतील. डॉक्टरीच्या विद्यार्थ्यांनी आणि परिचारिकांनी तेथे येऊन शिकावे. आणि वृद्धांचे वैद्यक ही स्वतंत्र विद्या मानावी. जेरिएट्रिक्स हा शब्द अमेरिकेत इग्नाट्झ नॅशर या डॉक्टरने १९०९ सालीच काढलेला होता. पण शब्द काढणे निराळे आणि सातशे खाटांवर ती विद्या चालवून दाखविणे निराळे.

या म्हणण्याला सर्वांनी लगेच मान डोलावली असे समजू नये. हुशार डॉक्टरांना या कामात मान वाटत नसे. पण हळूहळू चार समविचारी माणसे जमली. एसेक्स परगण्यात लायोनेल कॉसिन नावाचे सर्जन होते. ते म्हाताऱ्यांच्या मोडलेल्या खुब्यांवर शस्त्रक्रिया करून त्यांना लवकर चालते करीत. एरिक ब्रुक म्हणून दुसरे होते. ते रोगी इस्पितळात येण्याची वाट न पाहता आधी त्याच्या घरी जाऊन पाहून येत, आणि घरी जाऊन पाहिल्यावर कित्येकांना आणण्याची गरजच नाही असे त्यांना आढळे. लॉर्ड अॅमलरी, ट्रेव्हर हॉवेल हेही त्यांत होते. १९४७ साली या मंडळींनी मिळून वृद्धांच्या शुश्रूषेसाठी डॉक्टरांची एक संस्था काढली. तिचेच नाव १९५९ पासून ब्रिटिश जेरिएट्रिक्स सोसायटी असे झाले. मध्यंतरी १९४८ साली तिकडे सर्वांना मोफत औषधोपचाराची सरकारी योजना सुरू झाली, आणि मग इस्पितळांतून वृद्धांसाठी खास डॉक्टर नेमले जाऊ लागले.

त्याच वर्षी वुल्व्हरहॅम्प्टन गावी जोसेफ शेल्डन या डॉक्टरांनी घरोघरी फिरून म्हाताऱ्या माणसांची पाहणी केलेली प्रसिद्ध झाली. तीत एक गोष्ट अशी आढळली की या माणसांचे दुखणेबहाणे काढण्याचा भार बहुतेक घरच्या बायकांवर, पत्नीवर किंवा मुलीवर पडतो, आणि त्यांतल्या कित्येक स्वतःच थकून जातात. आपल्याला यात नवल वाटणार नाही! पण एका डॉक्टराने ते मोजून कागदावर लिहून ठेवले याचे मला फार समाधान वाटते. घरी पाठविले म्हणजे सुटले असे नाही. घरी करणारी टिकली पाहिजे, हे तिकडे लोकांच्या ध्यानात येऊ लागले. मग म्हाताऱ्या माणसास अधूनमधून काही आठवडे इस्पितळात ठेवून घ्यावे म्हणजे घरच्या बाईस विसावा मिळतो, अशी रीत निघाली. ऑक्सफर्ड येथे कॉसिन यांनी दिवसाचे इस्पितळ चालविले. सकाळी आणून व्यायाम, उपचार करावयाचे आणि संध्याकाळी घरी पोचवावयाचे. लहान मुलांची जशी शाळा, तशी ही आजी-आजोबांची.

वॉरेनबाई आयलवर्थचे इस्पितळ सोडून कोठे गेल्या नाहीत. नोकरी तीच, दालने तीच. पण त्यांची पद्धत पाहण्यास दूरदूरचे डॉक्टर तेथे येत, आणि त्याही परदेशी जाऊन व्याख्याने देत. मोठा पैसा किंवा मोठी पदवी त्यांच्या वाट्यास आली नाही. स्वतः म्हातारे होणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. १९६० च्या सप्टेंबरात जर्मनीत भरणाऱ्या एका परिषदेस त्या निघाल्या असता वाटेत फ्रान्समध्ये मोटारीचा अपघात झाला व त्यात त्यांचा अंत झाला. वय त्रेसष्टाच्या आतच होते.

त्यांच्यामागे पाच वर्षांनी, १९६५ साली, ग्लासगोच्या विद्यापीठात या विद्येचे पहिले अध्यापकपद निर्माण झाले. आपल्या देशातही ती आली. मद्रासच्या सरकारी इस्पितळात १९७८ मध्ये डॉ. नटराजन यांनी वृद्धांसाठी निराळा विभाग सुरू केला. ते विलायतेत शिकून आलेले होते.

भाचीला मी विचारले की आम्हां बायकांना यातून करण्यासारखे काय ते सांग. तिने सांगितले ते असे. माणूस इस्पितळात असतानाच, घरी आणण्याच्या दोन-तीन दिवस आधी, तेथल्या परिचारिकेकडून उठविणे, बसविणे, वळविणे स्वतःच्या हाताने करून घ्यावे. नुसते पाहून येत नाही. जुन्या गोळ्या आणि नव्या गोळ्या दोन्ही समोर ठेवून कोणत्या बंद करावयाच्या ते विचारून घ्यावे, कारण एकच औषध दोन नावांनी चालू राहण्याचा धोका फार असतो. पुन्हा केव्हा दाखवावयाचे आणि मध्येच काय झाले तर ताबडतोब आणावयाचे, हे मराठीत लिहून घ्यावे. पायात सपाता नकोत, मागून बंद असलेली वहाण हवी. पायपुसणी व सतरंज्या गुंडाळून ठेवाव्यात. रात्री संडासच्या वाटेवर लहान दिवा जळत ठेवावा. आणि जे त्यांना स्वतःला करता येते ते त्यांनाच करू द्यावे, मग वेणी घालायला अर्धा तास लागो.

आपल्या मंडळाच्या कपाटात दोन वॉकर, एक संडासची खुर्ची आणि एक चाकांची खुर्ची गेल्या वर्षापासून ठेवलेली आहे. ज्या भगिनींना लागेल त्यांनी वहीत नाव लिहून न्यावी, भाडे नाही. वॉकरच्या पायांची रबरे झिजली म्हणजे तो फरशीवर घसरतो, म्हणून नेताना ती पाहून घ्यावीत. नवी चार आणून कपाटाच्या वरच्या खणात ठेवली आहेत.